दोनदा दिलेला हॉर्न

नातवंडांनो, एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं आणि तुम्हालाही तीच सोपी जाते. हे मात्र मराठीत लिहिते आहे. ज्या दिवशीची गोष्ट सांगायची आहे त्या दिवशी रस्त्यावर जो तो आपल्या बोलीत बोलत होता. मी ते दोनदा इंग्रजीत लिहून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते पोलिस ठाण्यात द्यायच्या अर्जासारखं झालं. वाचताना अडाल तिथे बाबांना विचारा. त्यांना आता सगळं माहीत आहे.

आताच का लिहिते, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे मोठीचा प्रश्न. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी व्हिडिओवर तू सांगितलंस की आता तू शाळेत सायकलनं जाणार, आणि मग आजोबांना विचारलंस, की एवढा मोठा दगड तुम्हाला दिसला कसा नाही. आजोबा हसले आणि म्हणाले, "नाई दिसला बेटा." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. दुसरं कारण असं की येत्या आठ-दहा दिवसांत सोयाबीन निघेल आणि पुन्हा रस्त्यावर पसरलं जाईल. ते पसरायच्या आत मला हे लिहून संपवायचं आहे.

दगड लागलाच नव्हता. आजोबा गेल्या वर्षी सायकलवरून पडले ते माझ्या गाडीच्या हॉर्नमुळे.

आता क्रमानं सांगते. आपलं घर सिंदी मेघेला आणि शेत नागपूर रस्त्यावर, पवनार ओलांडल्यावर. मधलं अंतर अकरा किलोमीटर. आजोबांच्या घरच्यांचा मूळचा कापसाचा व्यापार, तो दुसऱ्या सिंदीला, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या सिंदीला. व्यापार त्यांच्या वडिलांच्याच काळात मिटला आणि हे शेत राहिलं. आजोबा नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी शेतावर सायकलनंच जात आणि निवृत्त झाल्यावर रोज जाऊ लागले. सकाळी साडेसहाला निघायचं, अकराच्या आत परत. कॅरिअरला विळा आणि पाण्याची बाटली, हँडलला डबा. मी निवृत्त झाल्यावर उलटं केलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. म्हणजे एकाच रस्त्यावरून एकाच घरातली दोन माणसं दोन तऱ्हांनी जाऊ लागली, आणि त्यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नाहीत.

मला गाडी शिकवणारे गृहस्थ दर पन्नास पावलांना म्हणायचे, "मॅडम, हॉर्न द्या, हॉर्न द्या, तुम्ही येऊन राहिल्या हे समजलं पाहिजे समोरच्याला." ते मी इतकं मनावर घेतलं की सायकल दिसली की माझा अंगठा आपोआप दाबला जायचा. आजोबा म्हणायचे, तू मागून एकदम वाजवतेस तेव्हा सायकलवाल्याचा जीव पायडलमधून निघून जातो, त्यापेक्षा जरा थांब, मोकळी जागा दिसली की लांबून निघून जा. मी म्हणायचे, तुम्ही लोक रस्त्याच्या मधून चालता. ते म्हणायचे, आम्ही मधून चालत नाही, तुम्ही कडा ठेवली नाही.

त्यात तथ्य होतं. जुना रस्ता अरुंद होता, पण त्याला मातीची कड होती आणि चिंचेची झाडं होती. सायकलवाला निवांत कडेनं जायचा. नवा रस्ता सिमेंटचा, चौपदरी, मधे दुभाजक. सायकलवाल्याला उरली ती पांढऱ्या रेषेपलीकडची हातभर पट्टी, आणि दसऱ्यानंतर तीही उरत नाही. तुम्ही एकदाही दिवाळीच्या आधी आला नाहीत, म्हणून सांगते. सोयाबीन कापून, मळून झालं की ते वाळवायला सपाट, तापणारी जागा लागते आणि सिमेंटच्या रस्त्याइतकी चांगली जागा अख्ख्या शिवारात नसते. मग लोक डावी बाजू धरून लांबच लांब दाणे पसरतात, आणि त्यावरून गाडी जाऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूनं ओळीनं दगड मांडतात. दाणे उचलले जातात. दगड पुष्कळदा तिथेच राहतात.

आपणही पसरायचो. हे मी लपवणार नाही. पण आजोबा आपले दगड उचलायचे आणि जाता-येता लोकांचेही. सायकल लावायची, दगड पायानं सरकवत नालीत टाकायचा, पुन्हा सायकलवर बसायचं, शंभर पावलांवर पुन्हा उतरायचं. ऑक्टोबरात त्यांना घरी यायला बारा वाजायचे. लोक गमतीनं त्यांना रस्त्याचे इंजिनिअर म्हणत. ज्या माणसानं इतक्या वर्षांत इतके दगड उचलले त्याला दगड दिसला नाही, ही गोष्ट सगळ्यांनी मान्य केली याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता हॉर्नचं. आमच्याकडे ओळखीचा माणूस रस्त्यानं दिसला आणि त्याला न बोलता पुढे गेलं तर तो चार दिवसांनी भेटल्यावर म्हणतो, "लय मोठे झाले बावा, ओळख बी नाई देत." पूर्वी सायकलची घंटी वाजवून ओळख द्यायचे. आता गाडीतून हॉर्न देतात, दोनदा, छोटे. ज्याला दिला त्यानं हात वर करायचा. गाडी पुढून येत असेल तर काही अडचण नाही. मागून आली तर मात्र सायकलवाल्याला वळून बघावं लागतं, कारण काचेमागे कोण बसलंय हे एका नजरेत कळत नाही. आजोबा ट्रकच्या हॉर्नला मान हलवत नसत. पण छोटे दोन ऐकू आले की कोणीतरी आपलं आहे असं धरून पूर्ण वळून बघत. उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं की सायकल उजवीकडे जाते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः शाळेत सायकल चालवली आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठेक दिवस आधी मी सेलूला एका मैत्रिणीकडे गेले होते. परतताना साडेदहाच्या सुमारास पवनारच्या अलीकडे पुढे आजोबांची पाठ दिसली. कडेला सोयाबीन, त्याच्या बाहेर दगड, आणि दगडांच्या बाहेरून ते चाललेले. मी गाडी हळू केली. खरं सांगते, घाई नव्हती, रागही नव्हता. सकाळी निघताना त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं, म्हणून पाठ बघून बरं वाटलं. मी दोनदा हॉर्न दिला.

माझ्या मागून एक पांढरी पिकअप मला ओलांडून पुढे निघाली होती. ती मला आरशात दिसायला हवी होती. आजोबा वळले, उजवा हात वर केला, मी आहे हे ओळखून थोडे हसलेही. सायकल उजवीकडे आली. पिकअपचा आरसा त्यांच्या कोपराला लागला आणि ते डावीकडे सोयाबीनवर फेकले गेले. आवाज फारसा झाला नाही. दाणे चोहीकडे उडाले आणि त्यांच्या केसांत गेले.

मी गाडी कशी थांबवली ते आठवत नाही. शेतातून पाच-सात माणसं धावत आली. पिकअपचा ड्रायव्हर पळून गेला नाही, स्वतःच थांबून मागे आला. पस्तिशीचा असेल, नागपूरकडचा. लोकांनी आधी त्याची किल्ली काढून घेतली आणि मग त्याच्या शर्टाला धरलं. तो सारखं एकच सांगत होता, "हॉर्न मैंने नहीं दिया भाई, हॉर्न मैंने नहीं दिया." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. मी आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मी काहीही बोलले नाही. भीतीनं बोलले नाही असंही म्हणता येत नाही. माझी वाचा शाबूत होती, कारण त्याच वेळी मी कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं होतं.

एकानं हात उगारला तेव्हा आजोबा खालूनच बोलले.

"सोडा त्याले. त्याचं काई नाई. मी दगडाले धडकलो."

ज्यांचं सोयाबीन होतं ते शेतकरी माझ्या शेजारीच उभे होते. आजोबांना ते काका म्हणतात. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "काका, तुमाले दगड लागला? तुमीच तं उचलता लोकायचे."

"एखादा राहून जाते ना," आजोबा म्हणाले.

किल्ली परत दिली गेली. त्याच ड्रायव्हरनं आजोबांना उचलून माझ्या गाडीत ठेवलं. दवाखान्यापर्यंत मी गाडी चालवली आणि वाटेत एकदाही हॉर्न दिला नाही. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात सहा आठवडे गळ्यात बांधला.

तिथपासून दगडाची गोष्ट खरी झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आजोबा तीच सांगत आणि दर वेळी ती जास्त नीट सांगत. दगड केवढा होता, कुठल्या बाजूला होता, ऊन कसं डोळ्यांवर होतं. मी चहा आणून ठेवायचे. डिसेंबरात तुमचे बाबा आले, त्यांनाही तीच सांगितली. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आई, साधा दगड दिसत नाही, तर ट्रक काय दिसणार त्यांना? आता सायकल बंद." त्यांचं चुकलं नाही. दगडाची गोष्ट खरी धरली तर दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सायकल मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. पुढच्या वेळी ते येतील तेव्हा सायकल शेतावरच्या सालदार गड्याला देऊन टाकायची असं ठरलं. मी किल्लीला चिठ्ठी बांधून ती इतर किल्ल्यांबरोबर खिळ्याला लावली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी बाबा गेल्यावर जेवताना मी आजोबांना म्हटलं, की मी त्यांना फोन करून खरं सांगते. ते भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "सांगून काय होते? तो तुही गाडी बी बंद करीन. मंग दोघंबी घरात. एकाची तरी चाकं फिरू दे."

मला वाटत होतं ते माझी लाज झाकताहेत. ते हिशेबी निघाले. बँक, दवाखाना, शेत, बाजार, सगळं माझ्या गाडीवर चालणार होतं, आणि दोघांपैकी एकाचं सुटणार असेल तर आपलं सुटू दे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी फोन केला नाही. याला नऊ महिने झाले.

ते महिने कसे गेले ते सांगते. मी त्यांना शेतावर सोडायचे. ते माझ्या शेजारी बसायचे, पट्टा लावून, डबा मांडीवर घेऊन, आणि सबंध वाट खिडकीबाहेर कडेच्या पट्टीकडे बघत राहायचे. पुढे सायकलवाला दिसला की मी इतकी हळू व्हायचे की मागचे ट्रक वाजवायला लागायचे. घरी ते सकाळी साडेसहाला फाटकाशी जाऊन उभे राहायचे, पेपरवाला येऊन गेला तरी उभेच. मग आत येऊन पंख्याखाली बसायचे, पुन्हा उठायचे. गोळ्यांच्या डब्यात मी वार लिहून ठेवले होते तरी त्यांना वार आठवेनासे झाले. मलाही एका जागी बसवत नव्हतं. कपाटं आवरून झाली, पुन्हा आवरली.

आणि ते सोयाबीनवाले. ते दर आठवड्याला वानोळा घेऊन यायचे, शेतातलं जे निघेल ते, वांगी, तुरीच्या शेंगा, ओल्या हरभऱ्याचे सोले, उन्हाळ्यात कांदे. पिशवी ओट्यावर ठेवायचे, काकांचा खांदा विचारायचे आणि पाणीसुद्धा न घेता जायचे. माझ्या फ्रिजमध्ये त्या माणसाची वांगी असायची आणि मला ती चिरवत नसत. शेवटी कामवालीला देऊन टाकायचे.

मग तुझा रविवारचा प्रश्न आला. तू आता त्या तिकडच्या रस्त्यानं सायकल चालवणार आणि आजोबांच्या पडण्यातून शिकणार ते काय, की खाली दगड बघत चालावं. खाली बघत चालणारा सायकलवाला जास्त लवकर पडतो.

सोमवारी मी बाबांना फोन केला. मुद्दे कागदावर एक ते सहा लिहून घेतले होते, पण पहिलंच वाक्य चौथ्या मुद्द्यातलं निघालं. मी म्हटलं, "हॉर्न मी दिला होता." बाबांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं, ड्रायव्हरच्या शर्टासकट. बाबांनी विचारलं, की मग आजोबांनी त्यांना का नाही सांगितलं. मी आजोबांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. तिकडे बाबांना हसू आलं की रडू, ते मला फोनवर कळलं नाही. मग ते म्हणाले, "मग तुझी गाडीही बंद करायला पाहिजे, आई." मी म्हटलं, कर. पण सायकल त्यांची त्यांना परत दे, त्यांचा काही दोष नाही.

दोन दिवसांनी त्यांची यादी आली. याद्या करायची सवय त्यांना माझ्याकडून लागली आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. दोघांनीही डोळे आणि कान तपासायचे. मी पुन्हा पंधरा दिवस शिकवणाऱ्याबरोबर गाडी चालवायची आणि हॉर्नचा हात आवरायचा. आजोबांनी उन्हं चढायच्या आत परतायचं, हँडलला आरसा लावायचा, भडक रंगाचं जाकीट आणि हेल्मेट घालायचं. डोळे आणि कान आजोबांचे चांगले निघाले. माझा चष्म्याचा नंबर बदलला. आरसा त्यांनी मान्य केला, मोटारसायकलचा गोल आरसा उजव्या हँडलला बसवून घेतला. जाकीट एक दिवस घातलं आणि शेतावर विसरून आले. हेल्मेटवर मात्र अडून बसले.

"ते घातलं तं मले ओळखीन कोण?"

"कोणी ओळखू नये, कोणी हॉर्न देऊ नये, यासाठीच तर घालायचं," मी म्हटलं. सध्या हेल्मेट हँडलला डब्याशेजारी लटकून जातं आणि तसंच लटकून येतं. मी अजून हार मानलेली नाही.

सोयाबीनवाल्यांकडे मी एकटीच गेले. घरी जाऊन, ओसरीत बसून सांगितलं. ते ऐकता ऐकता शेंगदाणे निवडत होते, ते थांबले. म्हणाले, "काकू, मंग मी सालभर काऊन झुरून राह्यलो?" त्यांच्या बायकोनं आतून सुनावलं, की बरं झालं, आता तरी घरची वांगी घरात राहतील. मी हसले, ते हसले नाहीत. म्हणाले, की दगड तर माझेच होते ना, ते नसते तर काका कडेनं गेले असते, तुमच्या हॉर्ननं हातभर सरकले तरी पिकअप लागली नसती. मी म्हटलं, तसं असेल, पण माझा वाटा माझा आहे. यंदा ते दाणे रस्त्यावर नेणार नाहीत, घरामागं ताडपत्री टाकून वाळवणार आहेत. इतर लोक नेतीलच. त्या ड्रायव्हरचा पत्ता मला माहीत नाही. गाडीचा नंबरही मी पाहिला नव्हता. त्याच्यापुरतं हे तसंच राहणार आहे आणि ते मला टोचतं.

आजोबा पुन्हा जाऊ लागले त्याला आज नववा दिवस. पहिल्या दिवशी पवनारच्या पुलापर्यंतच गेले आणि दम लागून परत आले. आरसा बघून चौकातल्या पानवाल्यानं विचारलं म्हणे, "काका, भांग बी पाडता काय आता रस्त्यानं?" ते निघाले की मी घड्याळ बघते, पेपर उघडते, मिटते, फाटकाशी जाऊन येते. गाडीनं मागोमाग जावं असं दोनदा वाटलं, एकदा किल्ली घेऊन बाहेरही आले. मग परत गेले. मी मागे असले तर त्यांना मागे बघावंसं वाटेल.

मोठे, तुझ्यासाठी एवढंच. मागून कोणी वाजवलं तर वळू नकोस, तो कोणीही असो. ओळख नंतर देता येते. आणि धाकट्या, तू अजून पाच-सहा वर्षांनी गाडी शिकशील. पुढं सायकल दिसली तर हात हॉर्नवरून काढून घे, गती कमी कर आणि मोकळी जागा मिळेपर्यंत मागे राहा. दोन मिनिटं जातात. मी मोजली आहेत.

आता जे आहे ते असं. सायकल मागच्या खोलीतून बाहेर आली आहे आणि सालदाराला द्यायचं रद्द झालं आहे. आजोबांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण हँडल धरता येतं. माझी गाडी चालू आहे. आठवड्यातून तीन दिवस ते शेतावर सायकलनं जातात, आणि आजपर्यंत प्रत्येक वेळी परत आले आहेत.